गाडीच्या नकाशावर जेजुरीची वाट आखताना

आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि बिऱ्हाड इंदूरच्या राजेंद्रनगरात, त्यामुळे घरात लग्न झाले की साधारण साडेसहाशे किलोमीटरांचा हा प्रवास ठरलेलाच असतो. सासरे हयात होते तोवर वाट त्यांना पाठ होती आणि पाठ राहण्यासारखे जे नव्हते ते त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलेले होते. यंदा मुलाचे लग्न झाले आणि सासूबाई, मुलगा, नवी सून आणि आम्ही दोघे असे पाच जण तळी भरायला निघायचे ठरले, तेव्हा वाट आखण्याचे काम मी मागून घेतले. गाडी मी आणि माझे पती आलटून पालटून चालवतो. पण गेल्या वर्षी जी चूक झाली होती ती गाडीच्या पडद्यावर माझ्याच बोटाने झाली होती आणि ती नेमकी कुठे झाली हे मला समजून घ्यायचे होते.

गेल्या वर्षी कुळधर्मासाठी आम्ही तिघेच निघालो होतो. गाडी नवी होती आणि तिच्यात उपग्रहांवर चालणारा नकाशा आधीपासून बसवलेला होता. मी ‘जेजुरी’ हे नाव दिले, आणि पुणे शहरातून जायचे नाही म्हणून मधला टप्पा ‘सुपे’ असा टाकला, कारण बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वहीत ‘चौफुला, सुपे, मोरगाव, जेजुरी’ असे स्पष्ट लिहिलेले होते. दुपारी नगर सोडल्यावर थोड्याच वेळात गाडीने सांगितले की मधला टप्पा आला. मला बरे वाटले आणि आम्ही पडद्यावरच्या बाणामागे पुढे निघालो. शिरूर गेले, रांजणगाव गेले, शिक्रापूरला गर्दी वाढू लागली, आणि वाघोलीत गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर माझ्या ध्यानात आले की आपण सरळ पुण्यात शिरतो आहोत. हडपसर ओलांडून दिवे घाट चढेपर्यंत काळोख पडला होता. मागच्या सीटवर सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा उपास होता आणि त्यांना रात्री साडेनऊपर्यंत तसेच बसावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

चूक अशी होती की सुपे दोन आहेत. एक पारनेर तालुक्यातले, नगर-पुणे रस्त्यावरचे, ज्याला बरेच जण सुपा म्हणतात. आणि दुसरे बारामती तालुक्यातले, शहाजीराजांच्या जहागिरीत ‘पुणे-सुपे’ म्हणून ज्याचे नाव येते ते. दोन्ही आमच्याच वाटेवर पडतात, म्हणून यादीतले पहिले नाव निवडताना मला काही खटकले नाही. मधला टप्पा पारनेरच्या सुप्यातच पुरा झाला, आणि तिथून पुढे गाडी मोकळी झाली होती. तिने आपल्या हिशेबाने जो जलद वाटला तो पुण्याचा रस्ता धरला. यात यंत्राने काहीच चुकीचे केले नव्हते. त्याला जे सांगितले होते ते त्याने अक्षरशः पाळले होते.

यंदा मी निघण्याच्या आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी पोर्चमध्ये गाडीत जाऊन बसू लागले. मांडीवर बाबांची वही, समोर पडदा, आणि हातात पेन्सिल. पहिले काम नकाशा ताजा करण्याचे होते. इंटरनेटवरून नकाशा ओढणारा मोबाइल आणि गाडीत साठवलेला नकाशा यांत हा मोठा फरक आहे, की गाडीतला नकाशा तुम्ही स्वतः बदलेपर्यंत जुनाच राहतो. नवा वळणरस्ता, नवा पूल, एकेरी झालेला मार्ग यांतले काहीही त्याला आपोआप कळत नाही. आमच्या गाडीत नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन घालावी लागते आणि ती चढत असताना गाडी बंद करता येत नाही. मी रविवारी सकाळी उघड्या मैदानाशेजारी गाडी लावून पाऊण तास शेजारी बसून राहिले. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे असे माझे मत झाले आहे.

नंतर नावांचा प्रश्न आला. आमच्या गाडीच्या पडद्यावर टंकायला रोमन अक्षरेच आहेत आणि मराठी गावांची नावे रोमनमध्ये लिहिण्याची एक रीत नाही. न्हावरे शोधताना शेवटी ‘E’ लिहिले तर काहीच आले नाही, ‘A’ लिहिले तेव्हा गाव सापडले. चौफुल्याचे तीन प्रकार करून पाहावे लागले. महू तर नकाशात डॉ. आंबेडकर नगर या नावाने होते. ते नाव २००३ सालापासून अधिकृत आहे, पण बोलताना आम्ही सगळे महूच म्हणतो. सर्वांत जास्त मन थबकले ते अहिल्यानगरापाशी. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातले, आणि आम्ही त्यांच्या इंदूरचे. म्हणून मी आवर्जून नवे नाव टंकले. पहिली चार अक्षरे पडताच पडद्यावर इंदूरचा विमानतळ आला, त्याखाली इंदूरचे विद्यापीठ आले, आणि आणखी काही अक्षरे पडल्यावर यादी रिकामी झाली. गाव सापडले ते जुन्याच नावाने. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, बाईंचं नाव इथे आधी आहे, तिथे आता पोचलंय. नकाशालाही पोचेल.”

सुप्यासारखेच केडगावही दोन निघाले. एक नगर शहराला लागून आणि दुसरे दौंड तालुक्यात चौफुल्याजवळ. हेही दोन्ही आमच्या वाटेवरचे. तेव्हा मी नियम केला की ज्या गावाच्या नावाला जोड आहे ते टप्पा म्हणून घ्यायचेच नाही, आणि जे घ्यायचे त्याचा तालुका यादीत वाचल्याशिवाय बोट लावायचे नाही. जिथे खात्री होईना तिथे अक्षांश-रेखांश दिले. जेजुरी सुमारे १८.२८ अंश उत्तर आणि ७४.१६ अंश पूर्व अशी आहे. आमची गाडी मात्र अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) मागते, आणि १८.२८ अंश म्हणजे १८ अंश २८ कला नव्हे, तर दशांशाला ६० ने गुणून १८ अंश १७ कला होतात. ही गल्लत केली असती तर अकरा कलांचा फरक पडला असता, म्हणजे जमिनीवर सुमारे २० किलोमीटर. वहीच्या मागच्या पानावर मी प्रत्येक टप्प्याचा गुणाकार करून ठेवला.

मग खुद्द मार्गाची निवड. आमच्या गाडीत जलद, लघुतम आणि इंधन वाचवणारा असे तीन पर्याय आहेत, आणि टोल टाळायचा की नाही, कच्चा रस्ता टाळायचा की नाही, अशा खुणा वेगळ्या आहेत. जलद म्हटले की धुळे, नाशिक, पुणे अशी वाट निघे, कारण मोठ्या रस्त्यांना नकाशात जास्त वेग लिहिलेला असतो आणि पुण्यातली संध्याकाळ त्या वेगात धरलेली नसते. आतून काम एवढेच चालते, की प्रत्येक दोन चौकांमधल्या रस्त्याला एक किंमत दिलेली असते, मिनिटांची किंवा अंतराची, आणि यंत्र कमीत कमी बेरजेची वाट शोधते. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत याच्या मुळाशी आहे. हे एकदा समजले की पडद्यावरच्या वाटेकडे बघण्याची दृष्टी बदलते. ती वाट चांगली की वाईट हे न विचारता, किंमत कशाची मोजली हे विचारावे लागते. लघुतम निवडून पाहिले तर चौफुल्याहून मोरगावकडे न जाता ती यवतवरून भुलेश्वराच्या डोंगरातल्या अरुंद रस्त्याने निघाली, किलोमीटर कमी आणि वळणे जास्त. सासूबाईंना वळणांचा त्रास होतो, म्हणून तो पर्याय सोडला आणि जलद ठेवून टप्पेच असे टाकले की पुण्याला जायला वाव राहणार नाही.

टप्पा कुठे ठेवावा, हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. धुळे असे नाव दिले की बिंदू शहराच्या मध्यावर पडतो, आणि आपण बाहेरच्या वळणरस्त्याने पुढे गेलो तरी गाडीच्या लेखी धुळे आलेलेच नसते. मग दर चौकाला ती मागे वळायला सांगते. म्हणून पडद्यावरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करत करत मी प्रत्येक टप्पा महामार्गावर, गावाच्या बाहेर, आणि आपल्या जाण्याच्या बाजूच्या पट्ट्यावर ठेवला. बाबांच्या वहीत ‘मालेगाव सोडताच डावीकडे मनमाड’ असे होते. त्या फाट्याच्या पुढे दोन किलोमीटरांवर एक टप्पा ठेवला. शिर्डीला मुक्काम, म्हणून तो थांबा. मग नगरच्या बाहेर एक, शिरूरहून न्हावऱ्याकडे वळल्यावर एक, चौफुला ओलांडल्यावर एक, आणि मोरगाव. वहीतला ‘तीन नंबर’, म्हणजे जुना आग्रा रोड, पडद्यावर धुळ्यापर्यंत ५२ क्रमांकाने दिसत होता, कारण राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. मी पेन्सिलीने वहीत तीनच्या शेजारी ५२ लिहिले. बाबांच्या हस्ताक्षराशेजारी लिहिताना हात जरा अडखळला.

वेळेचा अंदाज मात्र मी गाडीवर सोडला नाही. इंदूर ते शिर्डी सुमारे ४१० किलोमीटर, त्याला तिने ६ तास ५० मिनिटे दाखवली. यात चहा नाही, जेवण नाही, घाटात पुढे संथ चढणारे ट्रक नाहीत, टोलनाका नाही. मी बाबांच्या पद्धतीने तासाला ४५ किलोमीटर धरले आणि नऊ तासांचा हिशेब केला. प्रत्यक्षात ९ तास १५ मिनिटे लागली.

सकाळी साडेसहाला निघालो. राऊ, महू, मानपूर, मग घाट उतरून गुजरी, धामनोद, आणि खलघाटला नर्मदा. पुलावर सासूबाईंनी हात जोडले. सेंधव्यापुढे बिजासन घाटात मुलाच्या मोबाइलवरचा नकाशा अडला, कारण तिथे त्याला नेटवर्क मिळेना. गाडीचा बाण मात्र वळणागणिक बरोबर सरकत होता. सुनेने कारण विचारले आणि मी जे वाचले होते ते तिला सांगितले. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतात; गाडी काहीही पाठवत नाही, फक्त ऐकते. निदान चार उपग्रह ऐकू आले की संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून ती आपली जागा काढते. तीन जागेसाठी आणि चौथा यासाठी, की गाडीतले घड्याळ उपग्रहांतल्या अणुघड्याळाइतके अचूक नसते आणि त्याची चूकही त्याच हिशेबात काढावी लागते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३० सेंटिमीटर. नकाशा गाडीत साठवलेला आणि जागा आकाशातून कळलेली, म्हणून मोबाइलच्या मनोऱ्याशी तिला देणेघेणे नाही. डोंगराच्या आड थोडा वेळ आकाश झाकले तरी चाकांच्या फेऱ्या आणि वळण ओळखणारा संवेदक यांच्या आधाराने ती बाण पुढे नेते, आणि ही सोय साध्या मोबाइलमध्ये इतक्या भरवशाची नसते.

एका ठिकाणी मात्र ती गोंधळलीच. उड्डाणपुलाखालच्या सेवारस्त्यावर डिझेलसाठी उतरलो, तर तिच्या मते आम्ही पुलावरच होतो. चार-पाच मीटरांच्या फरकात दोन रस्ते असतील तर उपग्रहांच्या मोजणीत तेवढे अंतर हरवू शकते आणि मग नकाशा आपला बाण नेमका शेजारच्या रस्त्याला चिकटवतो. २ मे २००० पूर्वी तर अमेरिकन सरकार नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि शंभर मीटरपर्यंत फरक पडे. तेव्हा गाडीत असा नकाशा असता तरी त्याचा बाण या रस्त्यांत कुठेही भरकटला असता. पुलाखाली मी पाटी वाचून वळायला सांगितले आणि मुख्य रस्त्यावर येताच बाण जागेवर आला.

मनमाडनंतर येवला, कोपरगाव, शिर्डी. या पट्ट्यात रस्त्याची कामे चालू होती आणि गाडीला त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा तेवढ्यापुरता मोबाइल उघडून गर्दी पाहिली. वाट गाडीची आणि त्या घडीची खबर मोबाइलची, अशी वाटणी आम्हाला चांगली लागू पडली.

दुसऱ्या दिवशी शिर्डीच्या निवासाच्या तळघरातून गाडी काढली तेव्हा पडद्यावरचा बाण आदल्या संध्याकाळच्याच जागी होता. माझे पती लगेच निघायच्या बेतात होते; मी त्यांना बाहेर उघड्यावर मिनिटभर थांबवले. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि गाडीने ती नीट ऐकण्यापूर्वी निघाले तर पहिल्याच चौकात ती चुकीचे वळण सांगते, हे मला इंदूरला आमच्या नणंदेच्या इमारतीच्या तळघरातून निघताना दोनदा अनुभवाला आले होते. बाण थरथरला, अर्धवर्तुळात फिरला आणि रस्त्यावर येऊन स्थिर झाला. मग निघालो.

राहुरी, नगर, आणि सुपा. गेल्या वर्षीच्या त्याच गावातून जाताना मी पडद्याकडे पाहत होते; या वेळी तिने टप्पा आल्याचे सांगितले नाही, कारण तिथे टप्पाच नव्हता. शिरूरला “डावीकडे वळा” असा हिंदीतला आवाज आला आणि आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस, समोरून बैलगाड्या, आणि रस्ता वाटला होता त्यापेक्षा चांगला. भीमेचा पूल ओलांडला, चौफुल्याला सोलापूर महामार्ग छेदून सरळ पुढे गेलो आणि थोड्या वेळाने बारामती तालुक्यातल्या सुप्याची पाटी दिसली. सासूबाई म्हणाल्या, “हे बघ, हे ह्यांचं सुपं. इथे एका झाडाखाली आम्ही डबा खायचो.” झाड सापडले नाही, पण आम्ही गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे थांबलो.

मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन घेऊन दुपारी जेजुरीकडे निघालो. हे अंतर १७ किलोमीटरांचे आहे. शेवटच्या बिंदूचा प्रश्न मी आदल्या रात्री सोडवून ठेवला होता. यादीतून देवळाचे नाव निवडले तर बिंदू गडाच्या माथ्यावर पडतो आणि गाडी त्याला सर्वांत जवळचा जो रस्ता असेल तिकडे नेते, मग तो डोंगराच्या कुठल्याही बाजूचा का असेना. म्हणून मी देऊळ न देता पायथ्याच्या वाहनतळाची जागा बोटाने टेकवून दिली होती. रविवार देवाचा वार असल्याने तो टाळला होता. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीही पंचांगात पाहून घेतल्या होत्या, कारण त्या दिवशी गावात वाहने कुठे अडवतात हे कुठल्याच नकाशात नसते. पावणेतीनला गाडी सावलीत लागली. मुलाने सुनेला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, सासूबाई अर्ध्या गडापर्यंत आमच्या आधाराने आल्या, आणि तळी भरताना त्यांच्या कपाळावरचा भंडारा पार केसांत उतरला होता.

परतीसाठी मला वाटले होते की आखलेली वाट उलटी केली की काम झाले. तसे झाले नाही. दुभाजकाच्या रस्त्यावर मी प्रत्येक टप्पा जाण्याच्या पट्ट्यावर नेमकेपणाने ठेवला होता, त्यामुळे उलट दिशेने येताना गाडीला प्रत्येक टप्प्यापाशी पलीकडच्या पट्ट्यावर जाऊन पुन्हा वळून यायचे होते. शिर्डी ते इंदूर एवढ्यातच तिने तीन ठिकाणी असे वळसे दाखवले. जेजुरीच्या भक्तनिवासात रात्री सगळे झोपल्यावर मी खाली गाडीत जाऊन बसले आणि सगळे टप्पे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवले. तास लागला. मग वहीत, बाबांच्या ‘चौफुला, सुपे, मोरगाव, जेजुरी’ या ओळीखाली, सुप्यापुढे कंसात ‘बारामती तालुका’ लिहिले, जाण्याचे आणि येण्याचे अंश-कला दोन वेगळ्या रकान्यांत उतरवले आणि वही सुनेच्या पर्समध्ये ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी चालकाशेजारी ती बसणार होती.